खेळाची मालकी कोणाची? १९९७ च्या एका हंगामाचा हिशेब

क्रीडा हा श्रमिक चळवळीने विचार करण्याजोगा विषयच नव्हे, असे मानणारा एक मोठा वर्ग डाव्या कार्यकर्त्यांमध्ये पूर्वीपासून आहे. मैदानावरचा जल्लोष म्हणजे भुकेल्या माणसाला दिलेली गुंगी. तिच्या अंमलाखाली असलेला कामगार सभेला येत नाही, म्हणून खेळाकडे पाठ फिरवावी, एवढाच या वर्गाचा सिद्धान्त. याच्या नेमक्या उलट टोकाला बाजारपेठेचे भाट उभे आहेत. त्यांच्या मते खेळ ही इतर कोणत्याही मालासारखी विक्रेय वस्तू असून, ज्याला ती अधिक नफ्याने विकता येईल त्याच्या हाती ती जावी, यातच प्रेक्षकाचे, खेळाडूचे आणि खेळाचेही कल्याण आहे. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः एका मुद्द्यावर दोघांचे पूर्ण एकमत आहे. खेळाची संस्था ही ती उभारणाऱ्या लोकांची मालमत्ता असू शकते, ही कल्पनाच दोघांच्या डोक्यात शिरत नाही. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या १९९७ च्या हंगामाचा इतिहास या दोन्ही पक्षांनी एकदा नीट वाचावा.

रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा खेळाडू, लंबगोल चेंडू, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून जमिनीवर लोळवणारे प्रतिपक्षाचे गडी. सहा वेळा पकड झाली की चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. हुतुतूतील पकडीचा दम ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या खेळाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये. परंतु नियमांपेक्षाही महत्त्वाचा आहे तो या खेळाचा जन्म, कारण तो सरळसरळ मजुरीच्या प्रश्नातून झालेला आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधील वीसहून अधिक क्लबांनी लंडनच्या रग्बी संघटनेशी फारकत घेतली. वाद कशाचा होता? खाणीत आणि गिरणीत काम करणारा खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी पाळी चुकवी, तेव्हा त्याचा रोज बुडत असे. हा बुडालेला रोज त्याला भरून द्यावा, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. ज्यांच्या घरी पिढीजात उत्पन्न येत होते त्या दक्षिणेतील सद्गृहस्थांना ही मागणी खेळाच्या पावित्र्याचा भंग करणारी वाटली. पावित्र्याची ही व्याख्या नेहमी पोट भरलेलेच करतात. उत्तरेच्या संघटनेने दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली, आणि खेळाच्या इतिहासात एक वर्गीय रेषा कायमची ओढली गेली.

सिडनीत हीच रेषा बारा वर्षांनी उमटली. १९०७ साली ॲलेक बर्डन नावाचा एक न्हावी रग्बी खेळताना जायबंदी झाला आणि कामाला मुकला; संघटनेच्या तिजोरीत पैसा असूनही त्याला भरपाई मिळाली नाही. या आणि अशाच तक्रारींतून न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. तिचा पहिला खजिनदार होता व्हिक्टर ट्रम्पर. होय, तोच ट्रम्पर, ज्याच्या फलंदाजीची वर्णने मराठी क्रिकेटरसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने वाचली. त्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात या बंडाच्या बैठका होत, ही गोष्ट मात्र त्या वर्णनांत फारशी आढळत नाही. १९०८ साली पहिला हंगाम झाला. क्लब होते ते वस्त्यांचे: बाल्मेन म्हणजे गोदीचा भाग, साउथ सिडनी म्हणजे रेडफर्नची दाट कामगार वस्ती, वेस्टर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी, न्यूटाउन. क्लबाचा सभासद हाच क्लबाचा मालक. कालांतराने या क्लबांना जोडून सभासदांची मोठी करमणूकगृहे उभी राहिली, आणि त्यांच्या उत्पन्नावर संघ पोसले जाऊ लागले.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या करमणूकगृहांचे उत्पन्न बहुतांशी १९५६ पासून कायदेशीर ठरलेल्या जुगाराच्या यंत्रांतून येत असे. म्हणजे कामगाराच्याच एका खिशातून काढलेला पैसा त्याच्या दुसऱ्या हातातील झेंड्यावर खर्च होई. १९९५ पर्यंत विजेत्याच्या चषकाला एका सिगारेटचे नाव होते. आणि संघटनेच्या चालकांना वस्तीची कणव होती असेही म्हणता येत नाही. १९०८ पासूनचा न्यूटाउन क्लब कर्जात बुडाल्याबरोबर १९८३ च्या अखेरीस त्यांनीच बाहेर काढला, आणि वेस्टर्न सबर्ब्जलाही काढण्याचा प्रयत्न केला. तो क्लब न्यायालयात गेला म्हणून तगला. १९९५ साली याच मंडळींनी मोठ्या हौसेने स्पर्धा वीस संघांपर्यंत वाढवली. दोष पुष्कळ होते. तथापि घराचे छप्पर गळते म्हणून घर सावकाराला लिहून द्यावे, असा याचा अर्थ होत नाही.

सावकार आला तो तारेच्या वाटेने. १९९५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात वर्गणी भरून पाहावयाच्या दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. घरोघर केबल नेण्याच्या शर्यतीत दोन गट उतरले होते. एका बाजूला रूपर्ट मर्डोक यांची न्यूज लिमिटेड आणि टेल्स्ट्रा ही दूरसंचार कंपनी, यांचे मिळून फॉक्सटेल. दुसऱ्या बाजूला ऑप्टस ही खाजगी दूरसंचार कंपनी आणि तिच्या केबलव्यवसायात भागीदार असलेले केरी पॅकर. टेल्स्ट्रा ही त्यावेळी संपूर्णपणे सरकारी मालकीची होती, हे येथे ठळकपणे नोंदवले पाहिजे. ऑस्ट्रेलियन जनतेच्या मालकीची कंपनी जगातील एका बलाढ्य वृत्तपत्रसम्राटाची भागीदार होऊन जनतेच्याच खेळावर चालून गेली, आणि त्या देशातील मजूर पक्ष तेव्हा सत्तेवर होता.

माणूस स्वतःहून वर्गणी कशासाठी भरतो, याचे उत्तर मर्डोक यांना इंग्लंडमध्ये मिळाले होते. १९९२ साली फुटबॉलच्या प्रीमियर लीगचे हक्क घेऊन त्यांनी आपली डबघाईला आलेली उपग्रह-वाहिनी सावरली. पुढे १९९६ साली ॲडलेड येथील भागधारकांच्या सभेत त्यांनी, क्रीडेचा उपयोग दरवाजा फोडण्याच्या ओंडक्यासारखा करून वर्गणीच्या दूरचित्रवाणीला जगभर प्रवेश मिळवायचा, असे आपले धोरण उघडपणे सांगितले. इतका प्रांजळ भांडवलदार दुर्मिळच! ओंडक्याला दरवाज्यापलीकडे काय आहे याच्याशी कर्तव्य नसते, आणि दरवाजा फुटल्यावर ओंडक्याचे काय होते याची चौकशी ओंडका वापरणारा करीत नाही. आपल्याकडेही याच गृहस्थांनी १९९३ साली स्टार वाहिन्या विकत घेऊन घराघरात पाऊल टाकले. आणि त्यापूर्वी १९८६ साली लंडनच्या वॉपिंग येथे संपावर गेलेल्या सुमारे सहा हजार मुद्रण-कामगारांना त्यांनी एका फटक्यात बडतर्फ केले होते.

ऑस्ट्रेलियात अडचण एवढीच होती की रग्बी लीगचे हक्क २००० सालापर्यंत पॅकर यांच्याकडे होते. हक्क मिळत नाहीत, तर खेळच उचलून न्यावा, हा उपाय ठरला. १९९५ च्या मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी अवघ्या काही दिवसांत न्यूज लिमिटेडच्या हस्तकांनी खेळाडूंना गाठून, त्यांच्या पूर्वीच्या मिळकतीच्या कितीतरी पट रकमांचे करार त्यांच्यापुढे ठेवले आणि 'सुपर लीग' नावाच्या स्वतःच्या स्पर्धेसाठी सह्या घेतल्या. जुन्या संघटनेने पॅकर आणि ऑप्टस यांच्या पैशावर प्रतिबोली सुरू केली. मग न्यायालये आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायमूर्ती बर्चेट यांनी सुपर लीगला मनाई केली. ऑक्टोबर १९९६ मध्ये वरच्या पीठाने ती मनाई उठवली. आणि अशा रीतीने १९९७ साली एकाच देशात, एकाच खेळाचे, दोन हंगाम एकाच वेळी सुरू झाले.

एका बाजूला बारा संघ, दुसऱ्या बाजूला दहा. बारा संघ ज्या चषकासाठी लढत होते त्याचे नाव होते ऑप्टस चषक. दहा संघांच्या चषकाचे नाव टेल्स्ट्रा चषक. लढाई कोणाची होती हे सांगण्यासाठी वेगळ्या अग्रलेखाची आवश्यकता उरू नये. ज्यांना त्या वर्षी या झगड्यात 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' दिसली, 'सिडनीचे वर्चस्व विरुद्ध राष्ट्रीय विस्तार' दिसला, त्यांनी निदान चषकावर कोरलेली अक्षरे तरी वाचायला हवी होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकाराचा थोडा खोलात विचार केला पाहिजे, कारण बाजारपेठेचे पुरस्कर्ते येथे स्पर्धेच्या लाभांचे नेहमीचे प्रकरण उघडतात. दोन विक्रेते आले की किंमत उतरते आणि गुणवत्ता वाढते, हे त्यांचे सूत्र. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की व्यावसायिक क्रीडेला हे सूत्र लागूच पडत नाही. कापडगिरणीला शेजारची गिरणी बंद पडली तर आनंद होतो. मुष्टियोद्ध्याला मात्र तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल तर त्याच्या कौशल्याला गिऱ्हाईकच राहत नाही. क्लब जे विकतो ते त्याला एकट्याने उत्पादन करताच येत नाही. सामना हा दोघांचा, आणि हंगाम हा सर्वांचा सामाईक माल आहे. म्हणूनच क्रीडास्पर्धा ही स्वभावतः एकच असावी लागते. तिच्यात नैसर्गिक मक्तेदारीचे गुण आहेत. ब्रिस्बेन आणि मॅन्ली यांपैकी श्रेष्ठ कोण, हा त्या वर्षी प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न. दोन स्पर्धा होऊनही, किंबहुना दोन स्पर्धा झाल्यामुळेच, त्याचे उत्तर त्या हंगामात कोणालाही मिळाले नाही. २० सप्टेंबरला ब्रिस्बेनने क्रोनलाचा २६-८ असा पराभव करून एक अजिंक्यपद घेतले, आठवड्याने दुसऱ्या स्पर्धेचे अजिंक्यपद दुसऱ्याने घेतले, आणि दोघे एकमेकांसमोर उभे राहिलेच नाहीत. माल दुप्पट झाला आणि त्याचा कस निम्म्यावर आला.

दुहेरी तारांची कथा याहून उद्बोधक आहे. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोघांनीही सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन या शहरांत स्वतंत्र केबल टाकली. प्रत्येकाची केबल वीस लाखांहून अधिक घरांपुढून गेली, आणि ही घरे बहुतांशी तीच होती. एका रस्त्यावर दोन तारा, आणि पलीकडच्या गावांत एकही नाही. नियोजनाला नाके मुरडणाऱ्यांनी खाजगी स्पर्धेच्या या कार्यक्षमतेचे अवलोकन अवश्य करावे. या तारांतून वाहण्यासाठी काहीतरी हवे होते, म्हणून खेळ फोडला गेला; खेळासाठी तारा टाकलेल्या नव्हत्या.

आता न्यूकॅसल. सिडनीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेले हे कोळशाचे आणि पोलादाचे शहर. १९१५ पासून तेथे बी.एच.पी. कंपनीचा पोलाद कारखाना होता. बाप, मुलगा आणि नातू यांनी एकाच भट्टीपुढे घाम गाळावा अशी तिथली रीत. डिसेंबर १९८९ मध्ये शहराला भूकंपाने हादरवले, तेरा माणसे दगावली. त्यातून शहर उठून उभे राहत होते. २९ एप्रिल १९९७ रोजी बी.एच.पी. ने जाहीर केले की येथील पोलादनिर्मिती आपण बंद करणार आहोत. दोन हजारांहून अधिक नोकऱ्यांचा प्रश्न होता. हंगाम तेव्हा नुकताच रंगात येत होता.

या शहराचा क्लब, न्यूकॅसल नाइट्स, १९८८ साली स्पर्धेत आलेला. पदरात एकही अजिंक्यपद नाही. हा क्लब जुन्या संघटनेबरोबर राहिला, म्हणून न्यूज लिमिटेडने त्याच शहरात हंटर मरिनर्स नावाचा दुसरा संघ उभा केला. कोणी मागितला होता हा संघ? कोणत्या वस्तीने, कोणत्या सभेने ठराव केला होता? नकाशावर एक जागा रिकामी दिसली आणि संघ रुजू झाला. न्यूकॅसलच्या माणसाने त्या संघाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मरिनर्सचा खेळ वाईट होता असे नव्हे. त्या वर्षीच्या सुपर लीगच्या जागतिक क्लब स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. चांगले खेळूनही घरच्या मैदानावर माणसे येत नव्हती. मागणी पुरवठ्यामागे धावते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाची नोंद घ्यायला हवी. पैशाने खेळाडू मिळतात, मैदान मिळते, गणवेश मिळतो. शहर मिळत नाही. एका हंगामातच मरिनर्सचे नाव पुसले गेले.

२८ सप्टेंबर १९९७. सिडनीचे फुटबॉल स्टेडियम, बेचाळीस हजारांवर प्रेक्षक. समोर मॅन्ली: समुद्रकाठच्या सुखवस्तू उपनगराचा क्लब, आदल्या वर्षीचा विजेता. मध्यंतराला मॅन्ली १६-८ ने पुढे होता. न्यूकॅसलचा अँड्र्यू जॉन्स बरगड्या मोडलेल्या आणि फुप्फुसाला इजा झालेल्या अवस्थेत, डॉक्टरांच्या चिंतेला न जुमानता खेळत होता. सामना संपण्यास काही मिनिटे असताना १६-१६ अशी बरोबरी झाली. अखेरची काही सेकंदे उरली असताना जॉन्सने सर्वांची अपेक्षा होती त्याच्या विरुद्ध, अरुंद बाजूला मुसंडी मारून चेंडू डॅरेन अल्बर्टच्या हाती दिला आणि अल्बर्टने तो रेषेपलीकडे टेकवला. २२-१६. न्यूकॅसल शहर रस्त्यावर आले. ज्यांच्या हाती पाच महिन्यांपूर्वी कारखाना बंद होण्याची सूचना पडली होती ती माणसे एकमेकांना मिठ्या मारून रडत होती.

याला गुंगी म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. परंतु मग हेही सांगावे की त्या शहरात त्या दिवशी शुद्धीवर राहून माणसाने काय करावयाचे होते? पोलादाचा निर्णय दूर मेलबर्नच्या संचालक मंडळाने घेतला. त्यात शहराला मत नव्हते. दूरचित्रवाणीचा निर्णय आणखी दूर झाला, त्यातही नव्हते. लोकांच्या हातात स्वतःची म्हणून एकच संस्था शिल्लक होती, आणि ती जिंकली. कामगारांना संघटित करू पाहणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याने अशा सामूहिक अभिमानाची थट्टा करण्याआधी, त्याच्या स्वतःच्या सभेला बेचाळीस हजार माणसे कधी जमली होती याची आठवण करावी. या विजयाने कारखाना वाचला नाही, हे खरे आहे. अंतिम सामन्याला दोन वर्षे आणि दोन दिवस झाले, तेव्हा ३० सप्टेंबर १९९९ रोजी न्यूकॅसलमधील पोलादनिर्मिती थांबली.

बाजारपेठवाद्यांचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, दोन गटांच्या चढाओढीत खेळाडूंचे वेतन वाढले; बुडालेल्या रोजाच्या मागणीतून जन्मलेल्या खेळाच्या कैवाऱ्यांनी याविषयी कुरकुर करावी हे विचित्र नाही काय? खेळाडूचे आयुष्य दहा वर्षांचे, शरीराची मोडतोड कायमची. त्याने मिळेल तो पैसा घेतला यात गैर काहीच नाही. परंतु हिशेब पुरा करावा. १९९७ साली दोन्ही स्पर्धांत मिळून २२ संघ होते. डिसेंबर १९९७ मध्ये समेट झाला आणि १९९८ साली २० संघांची एकच स्पर्धा सुरू झाली. मरिनर्स, पर्थ आणि साउथ क्वीन्सलँड हे संघ गेले, मेलबर्नचा नवा आला. १९९९ साली १७. २००० साली १४. तीन वर्षांत आठ संघांचे खेळाडू, त्यांचे राखीव संघ, त्यांचे प्रशिक्षक, मालिशवाले, मैदानाची देखभाल करणारे, तिकिटे फाडणारे यांची रोजी गेली किंवा डळमळली. मोठ्या सह्यांच्या रकमा थोड्यांना मिळाल्या. जागा मात्र सर्वांच्या कमी झाल्या. मालकांची भांडणे चालू असतात तोवर मजुरी वर जाते आणि तह झाल्याबरोबर छाटणी सुरू होते, हे औद्योगिक इतिहासाचे जुनेच पान आहे.

आणि तह कसा झाला पाहा. जुनी संघटना आणि न्यूज लिमिटेड यांनी निम्मी-निम्मी भागीदारी केली. १९९८ च्या अखेरीस तर पॅकर यांच्या कंपनीने फॉक्सटेलमध्येच चतुर्थांश वाटा घेतला. ज्याच्या विरुद्ध खेळाचा रक्षणकर्ता म्हणून ज्यांना मिरवण्यात आले होते, ते त्याच्याच पंक्तीला जाऊन बसले. सिडनीतील काही भाबड्या डाव्यांनी दोन वर्षे पॅकर यांच्या बाजूला 'लोकांची बाजू' म्हटले होते. १९७७ साली याच पॅकर यांनी दूरचित्रवाणीचे हक्क नाकारले गेले म्हणून जगातील नामवंत क्रिकेटपटू विकत घेऊन स्वतःचे क्रिकेट मांडले होते, हे ते विसरले होते की काय? मर्डोक यांनी १९९५ साली केले ते पॅकर यांच्याच वहीतून उतरवून घेतलेले होते. आपल्याकडेही २००७ साली क्रिकेटचे हक्क न मिळालेल्या एका वाहिनीच्या मालकाने समांतर लीग काढली तेव्हा याच वहीचे आणखी एक पान उलटले गेले.

इंग्लंडमध्ये मर्डोक यांच्या पैशापुढे खेळाचे चालक एप्रिल १९९५ मध्ये एका बैठकीतच नमले. संघ एकमेकांत विलीन करण्याची जी यादी निघाली तिच्यात यॉर्कशरच्या फेदरस्टोन या लहानशा खाणगावाचे नाव होते. त्याला शेजारच्या कॅसलफर्ड आणि वेकफील्ड यांच्याशी जोडून एक संघ करावयाचा होता. १९८४-८५ च्या खाणकामगार संपानंतर त्या गावची खाण बंद झालेली. उरला होता फक्त क्लब. गाव चिडून उठले, शेजारची गावेही उठली, आणि विलीनीकरणाची योजना चालकांना गुंडाळून ठेवावी लागली. मात्र क्लबाला वरच्या स्पर्धेत जागा मिळाली नाही.

अशाच प्रतिकाराचे मोठे रूप सिडनीत दिसले. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये चौदा संघांच्या निकषात बसत नाही म्हणून साउथ सिडनीला वगळण्यात आले. १९०८ पासूनचा क्लब, तोवर वीस अजिंक्यपदे. रेडफर्नच्या वस्तीत त्याची मुळे. तेथील आदिवासी समाजाचाही तो आपला क्लब. क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स हे त्याचे जुने खेळाडू. त्यांनी विलीन होण्यास साफ नकार दिला. नोव्हेंबर २००० मध्ये या एका क्लबासाठी सिडनीच्या रस्त्यांवर निघालेल्या मोर्चात सुमारे ८०,००० माणसे होती असे त्यावेळी सांगितले गेले. पहिल्या न्यायालयाने क्लबाविरुद्ध निकाल दिला. जुलै २००१ मध्ये वरच्या पीठाने तो फिरवला. २००२ साली क्लब पुन्हा मैदानात आला. २००३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने न्यूज लिमिटेडच्या बाजूने कौल दिला. कायदा कंपनीच्या बाजूला होता, हे एव्हाना सिद्ध झाले होते. तरीही क्लबाला पुन्हा बाहेर काढण्याचे धाडस कोणी केले नाही. त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

येथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे, आणि ऑस्ट्रेलियातील अनेक डाव्या लेखकांनी नेमके तेच केले. पुढचे पान त्यांना गैरसोयीचे होते. मार्च २००६ मध्ये याच साउथ सिडनीच्या सभासदांनी, ज्यांच्यापैकी कित्येक त्या मोर्चात चालले होते त्यांनी, मतदान करून क्लबाचा ७५ टक्के हिस्सा एक चित्रपट-अभिनेता आणि एक उद्योगपती यांना ३० लाख डॉलरांना विकला. ठराव संमत होण्यास तीनचतुर्थांश मते लागत होती. ती जेमतेम मिळाली. पिगिन्स विरोधात होते. लोक फसले, असे म्हणून भागणार नाही. चार हंगाम तळाशी काढलेला, वर्गणी आणि देणग्यांवर कसाबसा तगलेला क्लब पाहून लोक थकले होते. रस्त्यावर उतरून हक्क मिळवता येतो; पण मिळवलेल्या संस्थेला दर आठवड्याला लागणारे भांडवल मोर्चातून येत नाही. ते कोठून यावे, याचे उत्तर त्या चळवळीकडे नव्हते, आणि चळवळीला पाठिंबा देणाऱ्या कामगार संघटनांकडेही नव्हते. सहकारी पतपेढ्या, संघटनांचे निधी, नगरपालिकेची मैदाने यांची सांगड घालून सभासदांची मालकी टिकवता येईल काय, याची साधी चर्चाही गंभीरपणे झाली नाही. प्रतिस्पर्धी खिशात पैसे घेऊन उभा असताना निष्ठेचे निव्वळ आवाहन किती काळ पुरणार? २०१४ साली साउथ सिडनीने एकविसावे अजिंक्यपद जिंकले. आणि जे विकण्यास विरोधी होते त्यांची तोंडे त्या विजयाने बंद झाली असे सांगण्यात येऊ लागले. चषक मिळाला म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला, हा तर्क मान्य केला तर धरणातून पाणी मिळाल्यावर विस्थापितांनीही गप्प बसावे!

न्यूकॅसलचीही गत वेगळी झाली नाही. २०११ साली तेथील सभासदांनी प्रचंड बहुमताने आपला क्लब नेथन टिंकलर या कोळसाखाणींच्या तरुण धनाढ्याच्या हाती दिला. कोळशाचे भाव चढलेले होते. भाव उतरले, धनाढ्य कर्जात बुडाला, आणि २०१४ साली क्लब त्याच्या हातून काढून घेऊन स्पर्धेच्या चालकांना तो स्वतः चालवावा लागला. २०१७ साली तो घेतला न्यूकॅसलमधीलच सभासदांच्या मालकीच्या एका करमणूकगृह-संस्थेने. तिच्याही उत्पन्नात जुगाराच्या यंत्रांचा वाटा आहे. तथापि तिचे हिशेब शहरात मांडले जातात आणि तिच्या संचालकांना शहरात तोंड दाखवावे लागते. मेलबर्नहून किंवा न्यूयॉर्कहून येणाऱ्या निर्णयापेक्षा हा फरक लहान नाही.

न्यूज लिमिटेडने २०१२ साली स्पर्धेतील आपला निम्मा वाटा सोडला आणि कारभार एका स्वतंत्र आयोगाकडे गेला. दरवाजा फुटला होता. ओंडका परत देण्यात आला. टेल्स्ट्राच्या सरकारी मालकीतील पहिला तृतीयांश हिस्सा तर त्या हंगामाच्या अखेरीसच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, विक्रीस निघाला होता. आणि ऑप्टसची ती केबल, जिच्यासाठी बारा संघांचा चषक नामकरण करून घेण्यात आला, ती २०११ साली झालेल्या करारानुसार सुमारे ८० कोटी डॉलरांना सरकारच्याच नव्या दूरसंचार कंपनीच्या गळ्यात बांधण्यात आली. पुढे तपासणी झाली तेव्हा ती जुनी आणि कामास अपुरी निघाली. २०१६ साली ती बहुतांशी न वापरण्याचे ठरले.